न्याहाळकाला न्याहाळणारे

ब्राउझरला 'न्याहाळक' हा प्रतिशब्द ज्याने कोणी पहिल्यांदा सुचवला, त्याला माझा दंडवत. बोलताना हा शब्द कुणी वापरत नाही हे मान्य. पण जगाकडे टक लावून बघायची सोय करून देणं एवढंच ज्याचं काम, त्याला न्याहाळक म्हणणं किती चपखल आहे! आणि यातला विनोद असा की एका काळात, साधारण २००० ते २००६ या वर्षांत, या न्याहाळकाच्या आडून दुसरंच कोणीतरी आपल्याला न्याहाळत बसलेलं असायचं. आज तो सगळा प्रकार लोक विसरून गेले आहेत. म्हणून म्हटलं, एकदा लिहून ठेवावं.

ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना लक्षणं सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. लॅपटॉप सुरू व्हायला चहा होईपर्यंत वेळ लागायचा. एक्सप्लोरर उघडला की आपण ठेवलेलं मुखपृष्ठ गायब आणि तिथे कुठलंतरी अनोळखी शोधपान. ते बदला, संगणक पुन्हा चालू करा, की मूळ दुखणं जागेवर. वरच्या बाजूला एकाखाली एक चार टूलबार, त्यामुळे खरं पान बघायला चार बोटं जागा उरलेली. आणि जाहिरातींच्या खिडक्या! एक बंद करावी तर दोन उघडतात. रक्तबीजाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली होती, पण प्रत्यक्ष बघायला मिळाली ती अशी.

हे सगळं आलं कुठून?

'स्पायवेअर' हा शब्द १९९५ साली यूजनेटवर मायक्रोसॉफ्टच्या धंद्याच्या पद्धतीला टोमणा मारताना वापरला गेला होता. आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ त्याला चिकटला २००० च्या सुमारास. त्याआधीच, नोव्हेंबर १९९९ मध्ये, रिचर्ड स्मिथ या अमेरिकन सुरक्षातज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की रिअलज्यूकबॉक्स हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम आपण कोणती गाणी ऐकतो याची माहिती, प्रत्येकाला दिलेल्या एका खास क्रमांकासह, परस्पर कंपनीकडे पाठवतो. बोभाटा झाला, कंपनीने माफी मागितली. पुढच्या वर्षी स्टीव्ह गिब्सन यांना स्वतःच्याच संगणकावर ऑरिएट नावाच्या कंपनीची जाहिरात-यंत्रणा सापडली. दुसऱ्याच कुठल्यातरी फुकट प्रोग्रॅमबरोबर ती गुपचूप आत आली होती. त्यांनी ती काढून टाकणारं 'ऑप्टआउट' नावाचं छोटं साधन लिहिलं आणि फुकट वाटलं.

'फुकट ते पौष्टिक' ही आपली म्हण. त्या काळातल्या व्यापाऱ्यांनी ती बरोबर ओळखली होती. गाणी उतरवायला कझा फुकट, पण त्याच्या पोटात जाहिरातवाले प्रोग्रॅम. पासवर्ड लक्षात ठेवायला आणि अर्ज भरायला गेटर फुकट, पण तो तुमच्या भटकंतीवर लक्ष ठेवून जाहिराती दाखवणार, त्याही दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर. २००२ मध्ये वॉशिंग्टन पोस्टसह अनेक वृत्तप्रकाशकांनी त्याच्यावर दावा ठोकला. २००३ मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी गेटरने नाव बदलून 'क्लारिया' केलं. नाव बदललं की पूर्वकर्म पुसतं असं वाटणारे लोक सगळ्याच देशांत असतात. आणि लहान मुलांसाठी 'बॉन्झी बडी' नावाचं जांभळं माकड होतं. विनोद सांगायचं, गाणी म्हणायचं. मुलांकडून त्यांची माहिती आईवडिलांच्या परवानगीशिवाय गोळा केल्याबद्दल त्या कंपनीला २००४ मध्ये ७५,००० डॉलर दंड भरावा लागला.

कौटिल्याने अर्थशास्त्रात हेरांचे प्रकार दिले आहेत. कापटिक म्हणजे विद्यार्थ्याच्या वेशातला, तापस म्हणजे तपस्व्याच्या वेशातला, आणि वैदेहक म्हणजे व्यापाऱ्याच्या वेशातला हेर. संगणकातले हे हेर सगळे वैदेहक. फरक एवढाच की कौटिल्याचा हेर व्यापाऱ्याचं सोंग घेऊन राजाचं काम करायचा. इथे व्यापारीच हेराचं काम करत होता, आणि तेही स्वतःसाठी.

पण नुसता चोर असून भागत नाही, दार उघडं असावं लागतं. ते कुणी ठेवलं होतं? इंटरनेट एक्सप्लोररची चौथी आवृत्ती १९९७ मध्ये आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने इतर प्रोग्रॅमरना त्यात आपापले जोडभाग बसवायची सोय दिली. 'ब्राउझर हेल्पर ऑब्जेक्ट' हे त्याचं नाव. एकदा बसला की एक्सप्लोरर उघडताच तो जोडभागही जागा होणार, प्रत्येक पान त्याला दिसणार. हेतू चांगला होता. पण भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! त्याच्या जोडीला ॲक्टिव्हएक्स. संकेतस्थळ विचारणार 'हे बसवू का?', आणि आपण 'हो'वर टिचकी मारली की ते आपल्या संगणकावर हवं ते करायला मोकळं. शिवाय एक्सपीवर घरोघरी सगळेच मालकाच्या अधिकाराने, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून वावरत. घरातल्या पोराने खेळ उतरवला तरी तो मालकाच्या सहीनेच आत यायचा.

त्यात एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली २००१ मध्ये आणि सातवी २००६ मध्ये. मधली पाच वर्षं जगातले बहुतेक लोक एकाच न्याहाळकावर. एकच पीक सगळ्या शिवारात घेतलं की कीड कशी फोफावते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

आपल्या मराठी मंडळींची तर आणखीच पंचाईत. युनिकोड रुळायच्या आधी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं आपापल्या खास फॉन्टवर चालायची. एक्सप्लोररमध्ये तो फॉन्ट पानाबरोबर आपोआप उतरायचा. दुसऱ्या न्याहाळकात उघडलं की अक्षरांच्या जागी नुसती चित्रलिपी. ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, जाणकारांनी 'एक्सप्लोरर सोडा' म्हणून कंठशोष केला. पण परदेशात बसून सकाळी गावाकडची बातमी वाचणारा माणूस तो कसा सोडणार? घरच्या बातमीची ओढ त्याला त्याच उघड्या दारापाशी आणून बसवायची. युनिकोडचे आपल्यावर उपकार पुष्कळ आहेत, त्यांत हाही एक मोजायला हवा.

आता या किडीतल्या सर्वांत चिवट जातीबद्दल. 'कूलवेबसर्च' २००३ मध्ये उगवलं. त्याच्या सुरुवातीच्या एका अवताराचं लक्षण असं की न्याहाळकातल्या चौकटीत काही टंकायला गेलं की अक्षरं गोगलगाईसारखी उमटायची. माणसाला वाटायचं कीबोर्ड बिघडला! प्रत्यक्षात प्रत्येक पानाला लागू होणारी शैलीची एक फाइल त्याने बदललेली असायची. पुढचे अवतार याहून लबाड. मेरिन बेलेकोम या डच विद्यार्थ्याने त्याच्या एकेका अवताराची नोंद ठेवली, आणि 'हायजॅकधिस' नावाचं साधन लिहून फुकट दिलं.

या साधनाची रीत मला फार आवडते. ते 'हे वाईट, हे चांगलं' असं काहीच सांगत नसे. संगणकात ज्या ज्या जागी पाहुणा लपू शकतो त्या सगळ्या जागा उघडून फक्त यादी द्यायचं. आर म्हणजे मुखपृष्ठ आणि शोधपान, ओ-१ म्हणजे होस्ट्स फाइल, ओ-२ म्हणजे ते हेल्पर ऑब्जेक्ट, ओ-३ टूलबार, ओ-४ संगणकाबरोबर सुरू होणारे प्रोग्रॅम, ओ-१० म्हणजे नेटच्या तारेत मधेच बसलेले. यादी वाचायची माणसाने. जगभरातले जाणकार लोक अनोळखी माणसांच्या अशा याद्या रात्ररात्र वाचून, कोणत्या ओळीवर खूण करायची ते सांगत. पैसा नाही, नाव नाही. आणि ते बजावत की ओ-१० ला उगाच हात लावू नका. कारण न्यू डॉट नेटसारखा प्रोग्रॅम साखळीची कडी होऊन बसायचा. कडी ओढून काढली की साखळी तुटायची आणि इंटरनेटच बंद पडायचं. रोग गेला पण रोगीही गेला, अशी गत.

हे सगळं आज गमतीचं वाटतं. पण एका बाईच्या आयुष्याची त्यात राखरांगोळी झाली, ते सांगायला हवं.

ऑक्टोबर २००४. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं नॉर्विच गाव. तिथल्या शाळेत सातवीच्या वर्गावर एक बदली शिक्षिका होती. वर्गातला संगणक जुना, विंडोज ९८ चा. विषाणूरोधक कालबाह्य, वाईट पानं अडवणाऱ्या चाळणीचा परवाना संपलेला. केशरचनांच्या एका साध्या संकेतस्थळावरून सुरुवात झाली आणि पडद्यावर अश्लील चित्रांच्या खिडक्या उघडू लागल्या. बंद केली की पुढची. संगणक बंद करू नकोस असं आपल्याला बजावलं होतं, असं तिचं म्हणणं. मुलांनी ती चित्रं पाहिली. तिच्यावर खटला भरला गेला, आणि जानेवारी २००७ मध्ये ज्यूरीने तिला चार गुन्ह्यांत दोषी ठरवलं. जास्तीत जास्त शिक्षा ४० वर्षं! आणि ज्या संगणकावरून हा निकाल लागला, त्यात स्पायवेअर आहे का हे पोलिसांनी तपासलंच नव्हतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पुन्हा धावून आले ते तेच याद्या वाचणाऱ्यांच्या जातीचे लोक. संगणक-सुरक्षेतल्या तज्ज्ञांनी विनामोबदला त्या हार्डडिस्कची प्रत तपासली आणि काय घडलं होतं ते मांडलं. राज्याच्या प्रयोगशाळेनेही तपासणी केली, आणि जून २००७ मध्ये न्यायाधीशांनी निकाल रद्द करून नवा खटला मंजूर केला. शेवट मात्र कडूच. नोव्हेंबर २००८ मध्ये गैरवर्तनाचा एक किरकोळ आरोप मान्य करून, १०० डॉलर दंड भरून आणि शिकवण्याचा परवाना परत देऊन ती सुटली. जिने खिडक्या बंद करायचा प्रयत्न केला तिची नोकरी गेली. ज्यांनी त्या उघडल्या त्यांचं नावही खटल्यात आलं नाही.

कायदा अगदीच झोपला होता असं नाही. ऑक्टोबर २००४ मध्येच अमेरिकेच्या व्यापार आयोगाने स्पायवेअरविरुद्धचा आपला पहिला खटला दाखल केला. त्यातला प्रकार ऐका. या लोकांचा प्रोग्रॅम संगणकाचा सीडीचा ट्रे आपोआप बाहेर काढायचा आणि पडद्यावर इशारा द्यायचा की ट्रे उघडला असेल तर तुमच्या संगणकात स्पायवेअर आहे, ताबडतोब आमचं औषध विकत घ्या. आग लावायची आणि बंबही आपणच विकायचा! २००६ मध्ये झँगोला ३० लाख डॉलर भरावे लागले. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीला दुसरा सर्व्हिस पॅक मिळाला होता, त्यात खिडक्या अडवायची सोय होती. हळूहळू ती पिढी ओसरली. इंटरनेट एक्सप्लोररही जून २०२२ मध्ये निवृत्त झाला.

पण कीड संपली असं मात्र समजू नका. कधीकधी कुंपणच शेत खातं. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीच संगणकात लपून बसणारा प्रोग्रॅम घालत असल्याचं मार्क रुसिनोविच यांनी उघड केलं. आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कळलं की लेनोवोच्या कित्येक नव्याकोऱ्या लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच 'सुपरफिश' नावाचा जाहिरात-प्रोग्रॅम घातलेला होता. बँकेच्या पानावर दिसणारं सुरक्षित कुलूपसुद्धा तो मधे बसून बदलायचा, आणि सगळ्या लॅपटॉपना किल्ली एकच. म्हणजे खोक्यातून काढलेला, कुणी हात न लावलेला लॅपटॉपही सोवळ्यातला नव्हता.

आता नातेवाईक मंडळींसाठी, कारण फोन येणारच आहेत. आजही न्याहाळक विचित्र वागायला लागला तर जागा त्याच तपासायच्या, फक्त नावं बदलली आहेत. टूलबार गेले, 'एक्स्टेन्शन' आले. तिथे जाऊन ओळखीचं नसेल ते काढा. मुखपृष्ठ आणि शोधयंत्र कोणतं आहे ते बघा. कोणत्या संकेतस्थळांना 'नोटिफिकेशन' पाठवायची मुभा दिली आहे ती यादी उघडा. कोपऱ्यात येणारे 'तुमच्या संगणकात विषाणू आहे' हे निरोप बहुतेक तिथूनच येतात. प्रॉक्सीच्या जागी काही भरलेलं नाही ना, ते बघा. आणि घाबरवून पैसे किंवा फोन करायला सांगणारी कोणतीही खिडकी ही औषध नाही, तोच आजार आहे. हा नियम त्या सीडीच्या ट्रेइतकाच जुना आहे.

राहता राहिला एक विचार. तेव्हा आपण चिडायचो, कारण पाहुणा न विचारता घरात शिरत होता. गेटर हे पान बघून जाहिरात दाखवायचा म्हणून दावे झाले, कंपनीला नाव बदलावं लागलं. आज आपण कुठे गेलो, काय शोधलं, किती वेळ थांबलो यावरून जाहिरात दाखवणं हा जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांचा राजरोस धंदा आहे. तो चालवायला आता कुणाला लपून यावं लागत नाही. आपणच अटी न वाचता 'मान्य'वर टिचकी मारतो. आता हायजॅकधिस चालवलं तर त्या यादीत काहीही सापडणार नाही.

यादी वाचून दाखवणारी माणसं मात्र अजून हवी आहेत. कुणाच्या घरात असं एखादं पोरगं असेल, जे आजीचा लॅपटॉप घेऊन शांतपणे एकेक ओळ वाचत बसतं, तर त्याला चहा करून द्या. त्या नॉर्विचच्या वर्गात त्या दिवशी असं एक जरी कुणी असतं...

असो.