ऋण काढून सण

अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये नव्या खेळाडूंची निवड दरवर्षी पाळीपाळीने होते. तळाच्या संघाला बहुधा आधीची पाळी मिळते. पुढच्या वर्षांची पाळी आजच देऊन तयार खेळाडूही घेता येतो.

१९८० च्या सुमारास क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी या पाळ्या सढळ हाताने वाटल्या. १९८२ साली क्लीव्हलँडच्याच पाळीवर लेकर्सनी जेम्स वर्थी उचलला. शेवटी लीगने नियम केला: पुढच्या लागोपाठ दोन वर्षांची पहिल्या फेरीची पाळी देता येणार नाही.

पण नियम आला की पळवाटही आलीच! २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सनी विजेतेपदाच्या आशेने बॉस्टनकडून ३७ वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पिअर्स आणला. बदल्यात २०१४, २०१६ व २०१८ च्या पाळ्या दिल्या आणि २०१७ ला अदलाबदलीचा हक्क. नियमाचे अक्षर पाळले, अर्थ बुडाला.

सण एकच मोसम टिकला. २०१४ मध्ये मायामीकडून दुसऱ्या फेरीत हार झाली आणि पिअर्स गेला. २०१६-१७ मध्ये नेट्स २० सामने जिंकून ६२ हरले. इतरांना तळ गाठल्यावर निदान चांगली पाळी तरी मिळते. यांची ती बॉस्टनला गेली. त्या ऋणातून बॉस्टनला जेलन ब्राऊन आणि जेसन टेटम मिळाले. २०२४ मध्ये बॉस्टन विजेते ठरले.

सण करणारे निघून जातात, हप्ते मात्र मागे राहिलेल्यांनी भरायचे. हे फक्त बास्केटबॉलचेच आहे का, तुम्हीच सांगा.