आगरापासून नगरापर्यंत : ९५ गावांची न मोजलेली वाढ

१/ वाशी, नेरुळ, घणसोली, कोपरखैरणे ही नावे आज रेल्वे स्थानकांची म्हणून परिचित आहेत. मुळात ती गावांची नावे. नवी मुंबई ओसाड भूमीवर वसवली गेली, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. त्या गावांच्या लोकवस्तीचा हा इतिहास.

२/ येथील प्रमुख समाज आगरी, कोळी आणि कराडी. मिठाच्या आगरात राबणारा तो आगरी, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. पावसाळ्यात भातशेती, उन्हाळ्यात मिठागरे आणि वर्षभर खाडीतील मासळी, चिंबोऱ्या व निवट्या, असे येथील निर्वाहाचे चक्र होते.

३/ ही शेतीही मानवनिर्मित होती. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि खारी जमीन हळूहळू गोडी करायची. बांधाला खांड पडली तर उधाणाचे पाणी साऱ्या शिवारात शिरे. म्हणून बांधाची राखण ही एकट्याची नव्हे, अवघ्या गावाची जबाबदारी असे.

४/ जमीन पिकवणाऱ्याच्या नावावर मात्र ती बहुधा नव्हती. खोत आणि सावकार यांच्या जाचाविरुद्ध १९३३ मध्ये शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. तो सुमारे सहा वर्षे चालला. पुढे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कुळांचा मालकीहक्क मान्य होऊ लागला.

५/ अवघ्या तेरा वर्षांनी चित्र पालटले. मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, असा प्रस्ताव चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडला होता. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र नियोजित शहरासाठी निश्चित झाले आणि भूसंपादन सुरू झाले.

६/ आराखड्यात भावी शहराची लोकसंख्या २० लाख गृहीत धरली होती. येणाऱ्या माणसांचा हिशेब काटेकोर होता. आधीपासून राहणाऱ्यांचा हिशेब मुख्यतः सातबाऱ्यावरून झाला. ज्याचे नाव उताऱ्यावर, त्याला मोबदला. खाडीत जाळे टाकणाऱ्याचा किंवा दुसऱ्याच्या आगरात मीठ ओढणाऱ्याचा व्यवसाय बुडाला, तरी त्याच्यापाशी दाखवायला उतारा नव्हता.

७/ मोबदल्याचा प्रश्न जानेवारी १९८४ मध्ये पेटला. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर उरण तालुक्यातील जासई परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. या संघर्षातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व शासनाला मान्य करावे लागले. १९९० च्या दशकात त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

८/ दरम्यान शहर वाढत गेले. १९७३ मध्ये ठाणे खाडीवर पूल झाला, १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली. त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. तिच्या हद्दीची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ७ लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती ११ लाख २० हजारांवर गेली. पनवेल आणि उरणकडील भाग या आकड्यांत नाही.

९/ या वाढीत एक वाढ आराखड्याबाहेर राहिली, ती म्हणजे मूळ गावकऱ्यांची. शेत संपादित झाले, गावठाणाची सीमा मात्र होती तिथेच राहिली. मुलांचे संसार झाले, नातवंडे आली, एका घराची चार घरे झाली. ती सीमेबाहेर सरकली आणि कागदोपत्री ‘अनधिकृत’ ठरली. गावकऱ्यांनी त्यांना वेगळे नाव दिले : ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. ती नियमित करण्याचा शासननिर्णय २०२२ मध्ये निघाला, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर पाच दशकांनी.

१०/ या कथेतील विसंगती येथेच आहे. शहर बांधणारे मजूर, घरकामगार, रिक्षाचालक आणि कारखान्यांतील कामगार यांपैकी अनेकांना सेक्टरांतील सदनिका परवडल्या नाहीत. त्यांना भाड्याची खोली मिळाली ती बहुधा गावठाणांतील याच घरांत. ज्यांची वाढ नियोजनाने मोजली नाही, त्यांनीच नियोजनात न बसलेल्या माणसांना छप्पर दिले. नवी मुंबईच्या लोकसंख्येचा इतिहास सेक्टरांच्या नकाशावर अर्धाच वाचता येतो. उरलेला अर्धा गावठाणाच्या अरुंद गल्ल्यांत आहे.