कासव जेवत नाही! (उपाय : सन 1780)

तर झालं असं. आमच्या टीममधला एक सीनियर, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, गेली सहा वर्षं इथे इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. त्याच्या लेकीने वर्षभर हट्ट करून शेवटी वाढदिवसाला कासव मिळवलं. जमिनीवरचं, हर्मन जातीचं, इथल्याच एका ब्रीडरकडे जन्मलेलं, रीतसर कागदपत्रांसकट. आकार साधारण आगपेटीएवढा. नाव ठेवलं बाळू.

बाळू आला आणि जेवायचाच बंद झाला. काकडी दिली, टोमॅटो दिला, वहिनींनी प्रेमाने सफरचंद किसून दिलं. साहेब कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले. चौथ्या दिवशी मी जेवायला गेलो तर पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "काका, बाळू मरणार का रे?"

आता सॉफ्टवेअरवाल्या माणसाला असं काही विचारू नये. पण योगायोग असा की मी त्या आठवड्यात सेकंडहँड दुकानातून आणलेलं एक जुनं पुस्तक वाचत होतो, आणि त्यात हाच प्रॉब्लेम होता. अडीचशे वर्षांपूर्वीचा :)

पुस्तकाचं नाव 'द नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबोर्न', साल 1789, लेखक गिल्बर्ट व्हाइट. सेलबोर्न हे हँपशायरमधलं खेडं, रेडिंगपासून गाडीने तासाभरावर. व्हाइट तिथला पाद्री. लग्न केलं नाही, फार कुठे गेला नाही, पण 1768 पासून 1793 मध्ये मरेपर्यंत त्याने रोज निसर्गाची नोंदवही लिहिली. आज पाऊस किती, कोणता पक्षी आला, काकड्या कशा आहेत. आपण सर्व्हरचे लॉग ठेवतो ना, तसं, फक्त आवडीने.

या व्हाइटची एक मावशी की आत्या (इंग्रजीत नुसतं 'आँट', त्यामुळे आपली पंचाईत!) ससेक्समधल्या रिंगमर गावी राहायची. तिच्याकडे एक कासव होतं, टिमोथी. तिच्या नवऱ्याने ते 1740 च्या सुमारास चिचेस्टरला एका खलाशाकडून अर्ध्या क्राउनला, म्हणजे अडीच शिलिंगांना घेतलं होतं. हे कासव मूळचं भूमध्य समुद्राच्या दक्षिणेकडच्या उबदार मुलखातलं. ते आलं इंग्लंडच्या पावसात, आणि भिंतीने वेढलेल्या एका छोट्या अंगणात तीस-चाळीस वर्षं राहिलं.

व्हाइट तिथे जायचा तेव्हा तासन् तास त्याच्याकडे बघत बसायचा. त्याने टिपलेली एक गोष्ट मला फार आवडली. कासव परक्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही, पण इतकी वर्षं खाऊ घालणारी म्हातारी दिसली की लगबगीने (कासवाच्या मानाने) तिच्याकडे चालायला लागायचं.

मार्च 1780 मध्ये म्हातारी वारली आणि टिमोथी भाच्याकडे आला. म्हणजे बघा, पाळीव प्राणी नवा, घर नवं, ओळखीचं माणूस गेलेलं, त्यात इंग्लंडातला मार्च. बाळूची केस अगदी.

व्हाइटने काय केलं? कासव हिवाळी झोपेत जमिनीत पुरलेलं होतं. त्याने ते उकरून काढलं, तेव्हा ते रागाने फुसफुसलं. मग एका खोक्यात मातीसकट ठेवलं आणि घोडागाडीने ऐंशी मैल, म्हणजे जवळजवळ 130 किलोमीटर, सेलबोर्नला आणलं. गाडीच्या खडखडाटाने त्याची झोप पार उडाली. बागेत सोडल्यावर ते दोनदा थेट बागेच्या टोकापर्यंत चालत गेलं. संध्याकाळी गारवा पडला तसं मऊ मातीत शिरून गडप झालं.

आणि व्हाइटने ते गडप राहू दिलं! 21 एप्रिलच्या पत्रात तो मित्राला कळवतो की कासव अजून मातीखालीच आहे. ना उकरणं, ना तोंडाशी घास धरणं. कारण जुन्या नोंदींवरून त्याला माहीत होतं की या प्राण्याची भूक घड्याळावर नाही, उन्हावर चालते. भर उन्हाळ्यात मिळेल ते फस्त करायचं, उन्हाळा उतरला की भूक कमी, आणि हिवाळी झोपेआधीचे सहा आठवडे तर जवळजवळ उपासच. शरद ऋतूत ते भिंतीशी जाऊन कवच तिरकं टेकवायचं, जास्तीत जास्त ऊन अंगावर पडावं म्हणून. सोलर पॅनेलचा अँगल सेट करतात, डिट्टो!

आवडीनिवडीही लिहिल्यात. लेट्यूस, डँडेलायन, आणि तशीच चीक येणारी रानटी पानं. म्हणजे माळी उपटून फेकतो ते तण.

अर्थात व्हाइट काही संत नव्हता. कासव पोहतं का बघायला त्याने टिमोथीला पाण्याच्या टबात सोडलं. ते बुडालं आणि तळावरून घाबरून चालायला लागलं. कर्णा लावून त्याच्यावर ओरडूनही पाहिलं, त्याने लक्षच दिलं नाही. 1784 मध्ये टिमोथी बागेतून पळाला आणि आठवड्याहून जास्त दिवस बेपत्ता होता. पण एकंदरीत सेलबोर्न त्याला मानवलं. व्हाइट 1793 मध्ये गेला, टिमोथी 1794 च्या वसंतात.

पुढचा इतिहास मात्र वाईट आहे. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये उत्तर आफ्रिका, तुर्कस्तान, युगोस्लाव्हियातून लाखो कासवं आली. बाजारात स्वस्तात मिळायची. पळू नये म्हणून लोक कवचाच्या कडेला भोक पाडून दोरी बांधायचे (कवच हे जिवंत हाड असतं!). खायला पाव आणि दूध. दूध पचवायची सोयच सरपटणाऱ्या प्राण्यात नाही. बहुतेक कासवं पहिल्या एक-दोन हिवाळ्यांतच मेली. लोकांना वाटायचं झोपलंय. शेवटी 1984 मध्ये भूमध्य भागातल्या या कासवांचा आयातव्यापार युरोपीय नियमाने बंद झाला.

मला खटकलं ते हे की पाव-दूध देणारे लोक दुष्ट नव्हते. उलट फार प्रेमळ होते. आपल्याला जे मायेचं वाटतं तेच त्यांनी कासवाला दिलं. व्हाइटकडे ना यूव्ही दिवा होता ना जनावरांचा डॉक्टर. त्याच्याकडे फक्त चाळीस वर्षं एकाच जागी टिकलेलं कासव होतं आणि बघत बसायची सवय होती.

असो. बाळूकडे येऊ. दादा आणि मी शनिवारी रूट कॉज ॲनालिसिस केला. दिवा भलताच उंच टांगला होता. खाली थर्मामीटर ठेवला तर जेमतेम 23 अंश. ऊन घ्यायच्या जागी 32-35 हवं, नाहीतर पोटात गेलेलं पचणारच नाही. लपायला माती नव्हती, वर्तमानपत्र होतं. आणि पोरगी दर अर्ध्या तासाने "जेवतोस का रे" म्हणून उचलत होती.

दिवा खाली आणला. दुसऱ्या टोकाला गार कोपरा आणि चार बोटं मऊ माती. रोज दहा मिनिटं हनुवटी बुडणार नाही इतक्या कोमट पाण्यात बसवायचं. काकडी-सफरचंद बंद, मागच्या अंगणातलं औषध न मारलेलं डँडेलायन सुरू. आणि सगळ्यात कठीण अट लेकीसाठी : हात लावायचा नाही, फक्त वहीत लिहायचं. आठवडाभरात खाल्लं नाही तर डॉक्टर, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात दादाच्या फोनवर वहीच्या पानाचा फोटो आला. मोडक्या मराठीत एकच ओळ : 'बाळूने पानाचा कोपरा खाल्ला. मी लांब होते.' दादा मीटिंगमध्ये चक्क डोळे पुसत होता. (सांगू नका कुणाला.)

आता पुण्या-मुंबईतल्या मंडळींना सूचना : हे वाचून कासव आणायला धावू नका. आपल्याकडे चोरून विकलं जातं ते तारा कासव जंगलातून पकडलेलं असतं. ते घरी ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. खोक्यातून आलेल्या त्या कासवाची गोष्ट क्वचितच टिमोथीसारखी संपते.

जाता जाता. टिमोथीचं कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. मेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका प्राणिशास्त्रज्ञाने ते तपासलं, तेव्हा कळलं की टिमोथी मादी होती! आयुष्यभर इतकं बारीक बघणाऱ्या व्हाइटच्याही हे लक्षात आलं नाही.

बाळूचं काय ते कळायला अजून काही वर्षं लागतील. दादाच्या लेकीने 'बाळी' हे नाव राखून ठेवलंय :)