डर्बी पार्टी, घरगुती

अमेरिकेच्या केंटकी राज्यात, लुइव्हिल शहरातील चर्चिल डाउन्स मैदानावर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी होणारी ‘केंटकी डर्बी’ ही घोड्यांची शर्यत घरच्या दूरचित्रवाणी संचावर पाहण्यासाठी भरणारा मेळावा. ही शर्यत १८७५ पासून दरवर्षी होत आली आहे. तीन वर्षांचे, जास्तीत जास्त वीस थरोब्रेड घोडे तीत सव्वा मैल (सु. २ किमी.) धावतात, १८९६ पूर्वी अंतर दीड मैल होते. धाव सु. दोन मिनिटांत आटोपते. सेक्रेटेरिअट या घोड्याने १९७३ मध्ये नोंदवलेली १ मिनिट ५९.४ सेकंदांची वेळ अजून कोणी मोडलेली नाही. पार्टी मात्र दुपारपासून अंधार पडेपर्यंत चालते आणि तिच्यात घोड्यांचा वाटा तसा थोडाच.

प्रसार : १९२५ मध्ये शर्यतीचे धावते वर्णन रेडिओवर आले. १९४९ मध्ये स्थानिक व १९५२ मध्ये देशव्यापी दूरचित्रवाणी प्रक्षेपण झाले. खुद्द लुइव्हिलमध्ये शुक्रवारच्या ‘ओक्स’ या फिलींच्या (तरुण माद्यांच्या) शर्यतीला मैदानावर जायचे आणि शनिवारची डर्बी घरी पाहायची, अशी रीत आढळते. २०२० मध्ये करोना साथीमुळे शर्यत ५ सप्टेंबरला, प्रेक्षकांविना झाली.

पेय : ठरलेले पेय मिंट जुलेप. बोर्बन (किमान ५१ टक्के मका असलेल्या धान्यमिश्रणापासून काढून आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की), साखरेचा पाक, पुदिना व बर्फाचा चुरा एवढीच सामग्री. साखर व पाणी समभाग घेऊन पाक करतात आणि तो गरम असतानाच त्यात पुदिन्याच्या काड्या बुडवून ठेवतात. एका पेल्याला सु. ६० मिलि. व्हिस्की पुरते. पुदिन्याचा लगदा केल्यास पेय कडवट होते. पाने नुसती दाबावीत, असे जाणकार सांगतात आणि यजमान सहसा ऐकत नाहीत. बर्फ कुटलेलाच हवा, खडे चालत नाहीत. पेला चांदीचा असल्यास बाहेरून पांढरा थर धरेपर्यंत ढवळतात. मैदानावर ओक्स व डर्बीच्या दोन दिवसांत सु. १,२०,००० जुलेप खपतात. पण तेथे ते तयार मिश्रणातून ओततात, त्यामुळे घरचे जुलेप सरस ठरण्याची शक्यता पुष्कळ.

पेयाइतकेच महत्त्व पेल्याला आहे. १९३८ मध्ये मैदानावरील भोजनगृहात पाण्यासाठी ठेवलेले छापील काचेचे पेले गिऱ्हाइके घरी नेऊ लागली, असे सांगितले जाते. पुढच्या वर्षापासून जुलेप पेल्यासकट विकले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काचेऐवजी ॲल्युमिनियमचे व प्लास्टिकचे पेले निघाले. १९४५ मध्ये काच परतली. दरवर्षी नक्षी बदलते व पेल्यावर आजवरच्या विजेत्यांची यादी असते. या यादीतील चुका संग्राहकांना विशेष प्रिय. १९७४ च्या काही पेल्यांवर १९७१ चा विजेता ‘कॅनोनेरो टू’ याऐवजी नुसता ‘कॅनोनेरो’ छापला गेला. २००३ मध्ये तिहेरी मुकुटाची (एकाच वर्षी डर्बीसह तीन मोठ्या शर्यती जिंकल्याची) खूण १९३७ च्या वॉर ॲडमिरलऐवजी १९३२ च्या बर्गू किंगपुढे पडली. जुने पेले घरात असतील, तर पार्टीच्या दिवशी ते कपाटातून बाहेर निघतात. त्यांतून कोणाला प्यायला द्यायचे, हा यजमानापुढचा नाजूक प्रश्न.

खाद्य : बर्गू (मांस, मका, भेंडी व घेवड्याच्या दाण्यांचा दाट रस्सा), काकडी व क्रीम चीजचे ‘बेनेडिक्टाइन’ सारण भरलेली सँडविचे, आणि ‘हॉट ब्राउन’. हॉट ब्राउन म्हणजे पावावर टर्कीचे मांस, वर चीजचा पांढरा सॉस व बेकन; तो १९२६ मध्ये लुइव्हिलच्या ब्राउन हॉटेलात निघाला. गोडात चॉकलेट व अक्रोडाचा पाय असतो. ‘डर्बी पाय’ हे नाव केर्न्स किचन या कंपनीची नोंदणीकृत व्यापारमुद्रा आहे व कंपनी ती जपण्यासाठी न्यायालयात गेलेली आहे. म्हणून पाककृतींच्या पुस्तकांत तोच पदार्थ वेगवेगळ्या नावांनी भेटतो.

पोशाख : स्त्रियांच्या रुंद काठाच्या, फुले-पिसे खोवलेल्या टोप्या. उत्कृष्ट टोपीला बक्षीस ठेवतात.

पैज : घोड्यांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून टोपीतून काढतात. पाहुणे दहा असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन घोडे येतात. जमलेली रक्कम पहिल्या तीन क्रमांकांत वाटली जाते. अशा खेळाबाबत राज्याराज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत. चिठ्ठ्या फार आधी करू नयेत : २०२२ मध्ये एक घोडा शुक्रवारी शर्यतीतून मागे घेतला गेल्याने रिच स्ट्राइकला आयत्या वेळी जागा मिळाली आणि ८० ला १ भाव असलेला तोच घोडा जिंकला. गुरुवारी केलेल्या चिठ्ठ्यांत विजेता नव्हताच. पैसे वाटण्याचीही घाई नको : २०१९ मध्ये सर्वांत आधी पोहोचलेला मॅक्झिमम सिक्युरिटी पंचांनी सु. २२ मिनिटांच्या तपासणीनंतर मागे टाकला व कंट्री हाउस विजयी झाला. २०२१ चा विजेता मेडिना स्पिरिट औषधचाचणीवरून पुढच्या वर्षी बाद झाला. मैदानावर चुकती झालेली पैजेची देणी मात्र तशीच राहिली.

गीत : शर्यतीपूर्वी स्टीफन फॉस्टरचे ‘माय ओल्ड केंटकी होम’ (१८५३) वाजते व पाहुणे उभे राहून म्हणतात. ही प्रथा १९२१ मध्ये पडली की १९३० मध्ये, याविषयी एकवाक्यता नाही. कृष्णवर्णीयांविषयीचा मूळ गीतातील शब्द राज्य विधिमंडळाने १९८६ मध्ये बदलला.

भारत : मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर १९४३ पासून होणारी इंडियन डर्बी ही स्वतंत्र शर्यत आहे. केंटकी डर्बीची धाव भारतीय वेळेनुसार रविवारी पहाटे साडेचारच्या सुमारास सुटते.