तबकडीवरचा सातबारा

येवला म्हटले की पैठणी, हे कोणालाही सांगावे लागत नाही. पारंपरिक पैठणीच्या पदरावरचा मोर विणकर रंगारंगाच्या छोट्या कांड्या हाताने फिरवून विणतो. असा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. स्वस्त पैठणीत हे काम बरेचदा जॅकार्ड मागावर होते आणि कापड उलटे केले की मागे सुटे धागे दिसतात. गिऱ्हाइकाला हा फरक किमतीतून कळतो. आमचा प्रश्न मात्र वेगळा आहे. जॅकार्ड मागावर तो मोर नेमका कुठे ठेवलेला असतो?

मूळच्या जॅकार्ड मागावर तो पुठ्ठ्याच्या कार्डांत असतो. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. कागदावरची एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा, आणि त्या धाग्यासाठी एक कार्ड. कार्डाला जिथे भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. ही कार्डे दोरीने ओवून त्यांची लांबलचक साखळी करतात. फ्रान्समधील लियों शहरातल्या जोसेफ मारी जॅकारने १८०४ च्या सुमारास ही युक्ती वापरात आणली. पुढे १८३९ साली त्याचेच चित्र रेशमात विणले गेले, त्याला सुमारे २४,००० कार्डे लागली. त्या चित्राची एक प्रत चार्ल्स बॅबेजने मिळवली होती आणि आपल्या गणनयंत्राची कल्पना समजावताना तो ती पाहुण्यांना दाखवीत असे.

संगणकाच्या इतिहासात ही गोष्ट हमखास सांगतात आणि ‘भोक म्हणजे एक, भोक नाही म्हणजे शून्य’ इथे थांबतात. आम्हाला तिची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. साखळीतल्या कार्डाचा अर्थ त्याच्या जागेवरून ठरतो. चारशेवे कार्ड हे चारशेवे आहे, कारण ते तीनशे नव्याण्णवाव्यानंतर ओवले आहे. मोर चार बोटे उंच करायचा तर साखळी उसवून मध्ये नवी कार्डे घालावी लागतात. म्हणजे माहिती आणि तिची जागा एकमेकींना शिवलेल्या आहेत. हा टाका संगणकवाल्यांनी कसा उसवला, ते आपण पाहू.

पहिली उसवण अगदी साधी होती. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने माणसागणिक एक सुटे कार्ड केले, दोरी गेली. पुढे संगणकाच्या आज्ञावल्याही अशाच सुट्या कार्डांवर लिहू लागले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तो याच काळातला. सुट्या कार्डांचा धोका उघड आहे. गठ्ठा हातातून निसटला की सगळा क्रम गेला. त्यावर फोरट्रान लिहिणाऱ्यांनी तोड काढली. कार्डावर ८० रकाने असत, त्यातल्या शेवटच्या आठांत, म्हणजे ७३ ते ८० मध्ये, त्या कार्डाचा अनुक्रमांक टाकायचा. आता कार्ड कुठेही पडले तरी त्याचा क्रम त्याच्यावरच लिहिलेला होता.

तोवर तबकडी आली होती. आयबीएम कंपनीने सप्टेंबर १९५६ मध्ये रॅमॅक नावाचे यंत्र जाहीर केले. त्यात सुमारे ६१ सेंटिमीटर व्यासाच्या ५० चुंबकीय तबकड्या एका आसाभोवती मिनिटाला १२०० फेरे घेत. सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. दहावीच्या विद्यार्थ्याने फोनवर काढलेल्या एखाद-दोन छायाचित्रांना आज तेवढी जागा लागते. या यंत्रात माहितीला पत्ता मिळाला: अमुक तबकडी, अमुक वर्तुळ, अमुक भाग. साखळी उलगडत न बसता थेट त्या पत्त्यावर जाता येऊ लागले. ही झेप मोठी होती, पण टाका पुन्हा घातला गेला. पत्ता म्हणजे प्रत्यक्ष धातूवरची जागाच.

डिस्क लहान आणि स्वस्त होत घराघरांत आली. आयबीएमच्या १९८३ च्या पीसी एक्सटीत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. त्याच वर्षीच्या डॉस प्रणालीत डिस्कचे जास्तीत जास्त चार भाग पाडण्याची सोय आली. हे भाग म्हणजे घरातल्या पक्क्या भिंती. प्रत्येक भाग एका क्रमांकापासून दुसऱ्या क्रमांकापर्यंत सलग, आणि त्याच्या शेजारी लगेच दुसरा भाग.

यात अडचण काय, हे एका कल्पित शाळेवरून पाहू. येवला तालुक्यातल्या या शाळेच्या कार्यालयात ५०० गिगाबाइटची डिस्क आहे. १०० गिगाबाइट संगणक प्रणालीला, २०० कार्यालयाच्या नोंदींना, २०० छायाचित्रांना. तीन वर्षांत स्नेहसंमेलनांच्या चित्रफितींनी तिसरा भाग काठोकाठ भरला आणि दुसऱ्यात निम्मी जागा मोकळी आहे. ती देता येत नाही, कारण मध्ये भिंत आहे. नवी डिस्क आणली तरी ती वेगळे घर होते, जुन्या खोलीला जोडत नाही. आणि भिंत पाडायला जावे तर पलीकडे जनरल रजिस्टर आहे. तीस वर्षांनी कोणी माजी विद्यार्थी जन्मतारखेचा दाखला मागायला आला, तर उत्तर त्यातूनच द्यायचे असते.

गंमत अशी की ही अडचण संगणकाच्या स्मृतीपुरती फार आधी सुटली होती. मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलस संगणकात १९६२ सालीच स्मृतीची सारख्या आकाराची पाने केली होती. आज्ञावली आपल्या समजुतीने सलग पाने वापरी, प्रत्यक्षात ती कुठे आहेत हे यंत्र एका तक्त्यात पाहून घेई. डिस्कसाठी हाच विचार सर्रास वापरात यायला जवळजवळ तीस वर्षे गेली. डिस्क मोठी झाली आणि सेवेत खंड पाडून ती बदलणे परवडेनासे झाले, तेव्हाच गरज भासली असावी असे आम्हाला वाटते.

हा विचार समजायला येवल्याच्या मागावरून उठून आजूबाजूच्या शेतांत जावे लागेल. गावातल्या प्रत्येक जमिनीला गट क्रमांक असतो आणि त्या तुकड्याची नोंद सातबाऱ्यावर असते. एका शेतकऱ्याची जमीन बहुधा एका जागी नसते: दोन एकर ओढ्याकाठी, एक एकर रस्त्यालगत, थोडी गावठाणाजवळ. या सगळ्या तुकड्यांची एकत्र यादी मिळते ती आठ-अ च्या उताऱ्यावर, म्हणजे खाते उताऱ्यावर. सातबारा जमिनीच्या बाजूने बोलतो, आठ-अ खातेदाराच्या बाजूने. सरकारने तुकडे जागेवरच एकत्र आणण्याचाही प्रयत्न केला. मुंबई राज्याचा १९४७ चा तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा त्यासाठीच होता. त्यात माणसांना जमिनी अदलाबदल कराव्या लागल्या, आणि त्याची भांडणे किती चालली हे ग्रामीण भागातल्या शिक्षकांना आम्ही काय सांगावे!

आयबीएमने १९९० साली आपल्या एआयएक्स प्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीत जे दिले ते आठ-अ सारखे होते. तुकडे जिथे आहेत तिथेच राहू द्या, खाते एक करा. हेवलेट-पॅकार्डच्या एचपी-यूएक्स प्रणालीतही अशी व्यवस्था होती, आणि तिचा नमुना समोर ठेवून हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ च्या सुमारास लिनक्ससाठी ‘एलव्हीएम’ लिहिले. ते २००१ च्या लिनक्स २.४ मध्ये समाविष्ट झाले. फुकट उपलब्ध असल्याने ते आपल्या शाळेतल्या जुन्या संगणकावरही चालते.

त्यातल्या तीन पायऱ्या अशा. डिस्क किंवा तिचा भाग हा ‘भौतिक खंड’. असे एक वा अनेक खंड मिळून ‘खंडसमूह’, म्हणजे गावातली सगळी जमीन. त्यातून पाहिजे तेवढे काढून दिलेले खाते म्हणजे ‘तार्किक खंड’. तार्किक हा शब्द इथे जरा फसवा आहे. ‘मानलेला’ म्हटले तरी चालेल. समूहातली सगळी जागा सारख्या तुकड्यांत मोजतात. वेगळे सांगितले नाही तर एक तुकडा ४ मेगाबाइटचा. म्हणजे २०० गिगाबाइटचा खंड ५१,२०० तुकड्यांचा होतो. (दुकानातून आणलेली १ टेराबाइटची डिस्क यंत्र ९३१ गिगाबाइट का दाखवते, याचा हिशेब वर्गात करून घ्यावा. दुकानदार हजाराने गुणतो, यंत्र १०२४ ने.) संगणक प्रणालीला खंड सलग पट्टीसारखा दिसतो. प्रत्यक्षात त्याचे पहिले चाळीस हजार तुकडे एका डिस्कवर आणि उरलेले दुसरीवर असू शकतात.

हे सारे कीबोर्डवरून आज्ञा देऊन करायचे असते. आज्ञा रोमन अक्षरांत टाइप कराव्या लागतात. इथे त्यांचे उच्चार देतो. ‘पीव्हीक्रिएट’ने नवी डिस्क भौतिक खंड होते, ‘व्हीजीक्रिएट’ने समूह बनतो, ‘एलव्हीक्रिएट’ने त्यातून खाते निघते. मग त्या खंडावर नेहमीप्रमाणे फाइलव्यवस्था आखायची. आपल्या शाळेने हे पहिल्यापासून केले असते, तर चित्रफितींची खोली भरल्यावर नव्या डिस्कला ‘पीव्हीक्रिएट’, मग ‘व्हीजीएक्स्टेंड’ने ती समूहात घेणे आणि ‘एलव्हीएक्स्टेंड’ने खंड वाढवणे, एवढ्यावर काम भागले असते. ‘पीव्हीएस’, ‘व्हीजीएस’ आणि ‘एलव्हीएस’ या तीन आज्ञा काहीही न बदलता फक्त स्थिती दाखवतात. विद्यार्थ्यांनी सुरुवात तिथून करावी. सर्वांत चकित करणारी आज्ञा ‘पीव्हीमूव्ह’. जुनी डिस्क कुरकुरू लागली की तिच्यावरचे तुकडे दुसरीवर हलवता येतात, तेही कार्यालयाचे काम चालू असताना. हलवल्यानंतर ‘व्हीजीरिड्यूस’ने जुनी डिस्क समूहातून काढायची. खातेदाराला जमीन बदलल्याचे कळतही नाही!

पण क्रम चुकला तर मात्र नुकसान होते. खंड आणि त्यावरची फाइलव्यवस्था या दोन वेगळ्या वह्या आहेत. वाढवताना आधी खंड वाढवायचा, मग फाइलव्यवस्था त्यात पसरवायची. कमी करताना नेमके उलटे: आधी फाइलव्यवस्था आक्रसून घ्यायची, मगच खंड कापायचा. उलट केले तर शेवटच्या पट्टीतले जनरल रजिस्टर कापलेल्या भागात जाते, आणि ते तुकडे लगेच दुसऱ्या खात्याला दिले जाऊ शकतात. मोजमाप चुकण्याचा धोका टाळायला ‘एलव्हीएक्स्टेंड’ आणि ‘एलव्हीरिड्यूस’ यांना एक ‘आर’ हे अक्षर जोडता येते; मग दोन्ही कामे योग्य क्रमाने यंत्रच करते. तरी आधी वेगळ्या डिस्कवर प्रत काढावी.

दुसरा धोका गणिताचा आहे. समजा, एक डिस्क वर्षभर टिकण्याची शक्यता ०.९५ आहे. एकच खंड दोन डिस्कांवर पसरला की दोन्ही टिकल्या पाहिजेत: ०.९५ × ०.९५ = ०.९०२५. तीन असतील तर ०.८६ च्या आत. जोडण्याची सोय जितकी वाढते तितका खंड नाजूक होतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक तुकडा दोन डिस्कांवर लिहिणारे आरशासारखे खंडही एलव्हीएममध्ये करता येतात. अनेक स्वस्त डिस्कांतून भरवशाची एक कशी बनवावी याचा पद्धतशीर विचार पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी बर्कले येथे १९८८ च्या निबंधात मांडला होता. तरी आरसा म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. फाइल चुकून पुसली, तर आरशातलीही पुसली जाते.

तुकड्यांचा हिशेब कुठे असतो? प्रत्येक भौतिक खंडाच्या सुरुवातीच्या थोड्याशा जागेत, आणि तोही साध्या वाचता येणाऱ्या मजकुरात. प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र नोंद नसते. ‘अमुक क्रमांकापासून इतके तुकडे, अमुक डिस्कवर’ असे लिहिलेले असते, थेट तलाठ्याच्या दप्तरासारखे. प्रत्येक बदलागणिक एक अनुक्रमांक वाढतो आणि आधीच्या स्थितीची प्रत बहुधा संगणकावर एका फोल्डरमध्ये साठते. तीत कोणती आज्ञा देण्यापूर्वीची ही स्थिती आहे, तेही लिहिलेले असते. हे त्या खंडसमूहाचे फेरफार रजिस्टरच. ‘व्हीजीसीएफजीरिस्टोर’ या आज्ञेने जुना फेरफार परत लागू करता येतो. त्याने हद्दी परत येतात. मधल्या काळात त्या तुकड्यांवर दुसरे काही लिहिले गेले असेल, तर ते तसेच राहते.

या दोन वह्यांची कटकट सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांना सहन झाली नाही. त्यांनी २००५ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या झेडएफएसमध्ये खंडांचा कारभार आणि फाइलव्यवस्था एकाच वहीत आणली. तिथे सगळ्या फाइलव्यवस्था एकाच कोठारातून गरजेप्रमाणे जागा घेतात, आधी कोणी किती मोजून द्यायची हा प्रश्नच नाही. लिनक्सच्या फेडोरा या वितरणानेही २०२० साली घरगुती संगणकांसाठी आपोआप एलव्हीएम मांडणे सोडून त्याच वळणाची बीटीआरएफएस घेतली. त्याच्या सर्व्हर आवृत्तीत मात्र एलव्हीएम राहिले.