काल्यानंतरचा बाजार

पंढरपूरची वारी एकादशीला संपत नाही. एकादशीला उपास, द्वादशीला पारणे आणि पौर्णिमेला गोपाळपूरचा काला. तो झाल्यावरच पालख्या परतीला लागतात. या अखेरच्या दिवसांत पेठेत उसळणारी गर्दी म्हणजे भक्तीला जोडलेली मौज, असे समजणे मला चुकीचे वाटते. तिथे विकले जाते काय, ते पाहावे: चुरमुरे, लाह्या, बत्तासे, बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा. सारे हलके, कोरडे, पिशवीत दिवसेंदिवस टिकणारे. हा माल एकट्याने खाण्याचा नव्हेच. वारीला येऊ न शकलेल्या सासूच्या, शेजारणीच्या तळहातावर चिमूटभर ठेवता यावा, हीच त्यामागची निकड दिसते. काल्याचे दही-लाह्या जसे एकमेकांना भरवायचे, तसाच हा घास पुढे गावभर फिरतो.

व्यापाऱ्यांनी श्रद्धेचा बाजार मांडला, हा आक्षेप जुना आहे. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पंढरपुरास आली आणि यात्रेकरूंची ये-जा सोपी झाली, हे खरे. पण प्रसाद घरी नेण्याची ओढ रेल्वेने निर्माण केली नाही. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. वाटून खाण्याच्या या गावात विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना १९४७ पर्यंत, साने गुरुजींच्या उपोषणापर्यंत, बंद होते. बाजारातून त्यांनीही बुक्का नेला असेल, पण गाभाऱ्याचे दार त्यामुळे उघडले नाही.