धुऱ्यावरचे कोहळे

आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गाच्या भिंतीवर एक चित्र आहे. ते मीच काढलेले असल्यामुळे त्याच्या कलागुणांविषयी न बोललेले बरे. काठी टेकीत निघालेली म्हातारी, झाडाआडून डोकावणारा वाघ, आणि मधोमध भला थोरला केशरी भोपळा. लेकीच्या घरून धष्टपुष्ट होऊन परतणाऱ्या त्या म्हातारीची गोष्ट माहीत नाही असे मराठी घर नसेल. दर वर्षी जून महिन्यात मी ती गोष्ट त्या चित्राखाली उभी राहून सांगते.

गेल्या वर्षी अश्विनात एका मुलाने मला विचारले, "बाई, म्हातारी आत बसली कशी? कोहळ्यात तर बिया असतात."

"लेकीने बिया काढून टाकल्या."

"मग ते सडलं नाही का?"

मुलगा सहा वर्षांचा. त्याची आई भाजीचे दुकान लावते, तेव्हा कापलेले कोहळे किती दिवस टिकते हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक. मी कादंबऱ्या लिहिते. अडचणीच्या जागी पात्राला झोप लागल्याचे दाखवून पुढचे प्रकरण सुरू करण्याची मला सवय आहे. पण वर्गात ती सोय नसते. मी विषय बदलण्यासाठी विचारले, "कोहळे कशाला लागते, कोणी पाहिले आहे का?" काहींनी झाडाला म्हटले, काहींनी जमिनीखाली म्हटले. एकीने ठामपणे सांगितले की ते गाडीतून येते. वेल कोणीच पाहिला नव्हता. मलकापूर हा शेतीचा तालुका. येथल्या मुलांनी कोहळ्याचा वेल पाहिलेला नसावा ही गोष्ट मला लागली. पुढच्याच शनिवारी तेवीस मुले चार ऑटोरिक्षांत कोंबून मी नळगंगेच्या काठच्या एका वावराकडे निघाले.

वावर महामार्गापासून फार आत नव्हते. पऱ्हाटी कमरेइतकी वाढलेली, मध्ये मध्ये तुरीचे तास, आणि धुऱ्यावर, म्हणजे ज्याला इतरत्र बांध म्हणतात त्यावर, कोहळ्याचे वेल हातपाय पसरून पडलेले. हाताच्या पंज्याहून मोठी खरखरीत पाने, त्यांखाली दडलेली फळे, काही हिरवी, काही पिवळसर पडलेली. वावराची मालकीण सत्तरी उलटलेली आजी. तिने आमची पलटण पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"काय व मास्तरीणबाई, एवढे लेकरं घेऊन काऊन आल्या?"

"कोहळं पाहायला, आजी."

"कोहळं पाह्याले? त्याच्यात पाह्यासारखं काय हाये? खायाचं असते ते!"

मी खिशातला फोन काढला. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने आदल्याच आठवड्यात छायाचित्र पाठवले होते. तिची दोन लहान मुले गवताच्या गंजीवर बसली आहेत आणि पुढे भोपळ्यांचा समुद्र पसरला आहे. तिकडे ऑक्टोबरात आईबाप लहान मुलांना घेऊन मुद्दाम भोपळ्यांच्या शेतावर जातात, गाडीतून फेरी मारतात आणि आपापला भोपळा निवडून घरी आणतात. महिनाअखेरच्या रात्री तो कोरून त्यात दिवा लावतात. मूळची ही चाल आयर्लंडच्या लोकांची. ते सलगम कोरीत असत. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने देश सोडून ते अमेरिकेत गेले, तेथे त्यांना हे मऊ आणि मोठे फळ मिळाले, आणि सलगमाचे दिवस संपले. शेतावर जाण्याचे पैसे पडतात हे सांगितल्यावर आजीने तोंडाला पदर लावला आणि ती पोटभर हसली.

एवढ्यात एका मुलीने पानाखालच्या कोवळ्या फळाकडे बोट केले आणि आजी ओरडली, "बोट नोको दाखवू व माय, सडते ते!" तेवीसच्या तेवीस मुलांनी हात पाठीमागे लपवले. दाखवायचेच असेल तर बोट वाकवून दाखवावे, असे आजीने करून दाखवले. मग बराच वेळ ती सारी मंडळी वाकड्या बोटांनी वावर दाखवीत हिंडत होती.

ही समजूत माझ्याही आजीची होती. तिचे मूळ मात्र फार जुने आहे. तुलसीदासांनी १५७४ साली लिहायला घेतलेल्या रामचरितमानसात, धनुर्भंगानंतर लक्ष्मण परशुरामाला ऐकवतो की आम्ही कोणी बोट दाखवताच कोमेजणारे कोवळे कोहळे नव्हे. आता गंमत अशी की लाल कोहळे त्या काळी आपल्या देशात असलेच तर कालचे पोर होते. इतक्या थोड्या काळात एखाद्या फळाविषयीची समजूत लोकांच्या तोंडी अशी मुरत नाही की कवीने ती सहज वापरावी. तेव्हा तुलसीदासांच्या मनातले कोहळे दुसरे होते असेच मानावे लागते. ते म्हणजे पांढरा, राखेने माखल्यासारखा दिसणारा कोहळा, संस्कृतातले कूष्मांड. ज्याचा कोहळेपाक होतो, आग्र्याचा पेठा होतो, जो दृष्ट लागू नये म्हणून नव्या घरावर टांगतात, आणि ज्याच्या नावाची नवमी कार्तिकात येते, तो. (त्याच नवमीला आवळीचीही पूजा असते. आवळा देऊन कोहळा काढणाऱ्यांनी दिवस चांगला साधला आहे!)

लाल कोहळे आले तेव्हा त्याला आपले म्हणावे असे नाव नव्हते. आमच्या वऱ्हाडाने त्याला पांढऱ्या कोहळ्याचे नाव दिले, आणि नावाबरोबर बोटाची भीतीही त्याच्या वाट्याला आली. पुण्याकडच्या लोकांनी दुध्याच्या घरातले नाव काढून त्याला लाल भोपळा म्हटले. कोणी डांगर म्हटले. आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज, त्यामुळे सासरी आलेल्या देशावरच्या सुनेची बाजारात जी फजिती होते ती निराळीच. कोणी त्याला काशीफळ म्हटले, कोणी गंगाफळ. सीताफळालाही आपण असेच केले. परक्या फळाला देवाधर्माचे नाव दिले की ते स्वयंपाकघरात घ्यायला हरकत राहत नाही. आमच्या घरी तर पितृपक्षात पितरांच्या पानावर त्याची भाजी असल्यावाचून चालत नाही. ज्या पूर्वजांनी ती जन्मात चाखली नसेल, त्यांनाही ती आम्ही दर वर्षी वाढतो.

कारण हे फळ अमेरिकेचे. मेक्सिकोत वाहाका नावाच्या प्रांतात एक गुहा आहे. १९६६ साली तेथे उत्खनन झाले, त्यात भोपळ्याच्या बिया आणि सालींचे तुकडे निघाले, आणि १९९७ साली त्यांचे वय ठरले: सुमारे दहा हजार वर्षे. त्या बिया आपल्या लाल कोहळ्याच्या चुलत घराण्यातल्या; पण सारे घराणे त्याच खंडातले. तिथल्या मूळ रहिवाशांच्या शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र वाढत. मक्याच्या ताटावर घेवडा चढायचा आणि भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल राखायची. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. या अठरा वर्षांत दोन दूरची अंगणे एकमेकांना जोडली गेली. मिरची, बटाटा, तंबाखू, पेरू, मका अशी वऱ्हाडी त्या वाटेने आली, त्यांत हेही होते. गोव्याहून, सुरतेहून मुलुखात माल जाई. सुरत ते आग्रा ही मोठी व्यापारी वाट आमच्या उत्तरेच्या बऱ्हाणपुरावरून होती. टिकाऊ बी आणि महिनोन् महिने न सडणारे फळ, यांना प्रवासाला आणखी काय लागते?

माझ्या बहिणीची मुले ज्या शेतात बसली होती ते कोहळ्याचे माहेर, आणि आमचा नळगंगेचा काठ हे सासर. आजीला मी हे सांगितले. तिला पटले नाही. "माह्या सासूच्या सासूपासून बी हाये हे," ती म्हणाली. तिचेही खोटे नव्हते.

पण त्या मुलाचा प्रश्न राहिलाच होता. त्याचे उत्तर मला घरी परतल्यावर भजनी मंडळाच्या वीणेकडे पाहताना सापडले. वीणेला, तंबोऱ्याला लागतो तो भोपळा दुध्याच्या जातीतला. मिरजेचे कारागीर तो पंढरपूरच्या बाजूने आणतात. वाळला की तो लाकडासारखा होतो, आतून पोकळ, बाहेरून टणक. साधूंचा कमंडलू त्याचा, आणि पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकण्याचा भोपळाही त्याचाच. मातीची मडकी येण्यापूर्वी माणसाने पाणी साठवले ते त्यात. आपल्याकडे लाल भोपळा येण्याच्या कितीतरी आधीपासून 'भोपळा' म्हणजे तो. आत रिकामा आणि न सडणारा. म्हातारी बसली असेल तर त्यात बसली असेल.

आणि या भोपळ्याचा प्रवास लाल भोपळ्यापेक्षाही नवलाचा. मूळचा तो आफ्रिकेचा, तरी अमेरिकेतही त्याचे हजारो वर्षांपूर्वीचे अवशेष सापडतात. त्याला तिकडे कोणी नेले, यावर पंडितांत वाद होता. २०१४ साली जुन्या सालींतला डीएनए तपासून शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला, की तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अटलांटिक समुद्रात तरंगत आपला आपण गेला. पोटातले बी कोरडे ठेवून, कोणाच्या जहाजात न बसता.

सोमवारी मी वीणा वर्गात नेली. मुलाने भोपळ्यावर टिचकी मारली, आत डोकावायचा प्रयत्न केला आणि मान हलवली. "ह्यात म्हातारी मावणार नाही."

"म्हातारी बारीक असेल."

"पण लेकीकडून येताना ती जाडी झाली होती ना?"

मी वीणा परत करून आले.

आमच्या मलकापुराचा इतिहास पुस्तकांत आहे तो लष्करांचा. खानदेशाच्या फारुकी घराण्यातल्या राजपुत्राने हे वसवले असे सांगतात. अकबराच्या काळी ते नरनाळा सरकारातल्या परगण्याचे ठाणे होते. १७६१ साली रघुनाथरावांच्या फौजेने लुटू नये म्हणून गावाने साठ हजार रुपये मोजले. १८०३ च्या पावसाळ्यात दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या छावण्या मलकापुराजवळ पडल्या होत्या. ३ ऑगस्टला इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स शिंद्यांचा दरबार सोडून निघून गेला आणि लढाईला तोंड फुटले. पुढे असई, पुढे अडगाव. एवढी घोडी आणि एवढी माणसे त्या ऑगस्टात येथल्या वावरांतून काय काय तुडवून गेली असतील, ते कोणी लिहिलेले नाही. धुऱ्यावरचे वेल तेव्हा फुलावर असणार.

तरी लष्करे येतात आणि जातात. धुरा रिकामा केला तो कापसाने. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि त्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. १८६७ पर्यंत रेल्वे मलकापुरावरून नागपूरला पोचलीसुद्धा. तेव्हापासून इथली जमीन दुसऱ्यांच्या गिरण्यांसाठी पिकू लागली. धुरा मात्र बरीच वर्षे बायकांच्या हाती राहिला. कोहळे, काकडी, वाळूक, बरबटी, जे विकायचे नसते आणि ज्यावर घर चालते, ते तेथे. पुढे सोयाबीन आले, बीटी कापूस आला, तणनाशकाचा पंप आला. पंपाला गवत आणि कोहळे यांतला फरक कळत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांनी वेल पाहिलेला नव्हता त्याचे कारण एवढेच.

आजीने त्या दिवशी मुलांना पिवळ्या फुलांपाशी बसवले. लांब देठाचे ते नराचे, मागे गाठ असते ते मादीचे, फूल पहाटे उघडते आणि उन्हे चढली की मिटते, सारे सांगितले. "देठ वाळला अन् नख रुतलं नाई, का समजायचं पिकलं," हेही. मग एक पिकलेले कोहळे विळ्याने फोडून तिने प्रत्येकाच्या हातावर चार चार बिया ठेवल्या. फोड मी घरी आणली आणि गूळ घालून बोंडे तळली. ती सोमवारी मधल्या सुटीत संपली. निघताना आजी माझ्याजवळ हळूच म्हणाली, "अवंदा हायेत तं पाहून घ्या. पोरगा वावर इकाचं म्हंते."

यंदा मृगाच्या आधी मी तिकडे गेले. वावरात चुन्याच्या रेघा आखल्या होत्या, कोपऱ्यात भूखंडांची पाटी होती. आजी मुलाबरोबर पुण्याला गेल्याचे शेजारच्या गड्याने सांगितले.

भिंतीवरचा भोपळा अजून केशरीच आहे. मी तो बदलायला निघाले होते, पण मुलांनी हात वर करून ठराव हाणून पाडला. आणि तो प्रश्न विचारणारा मुलगा शाळा सुरू झाल्यावर रडत माझ्याकडे आला होता: कंपासपेटीतल्या त्याच्या बिया आईने भाजून खाल्ल्या होत्या. मी माझ्या वाटच्या चारांतल्या तीन त्याला दिल्या. दोन उगवल्या, एक वेल शेळीने खाल्ला. उरलेला त्याच्या घराच्या पत्र्यावर चढला असून त्याला एकच फळ धरले आहे. ते तो कोणाला दाखवीत नाही. दाखवलेच तर बोट वाकवून. रोज सकाळी शिडीने वर चढतो आणि हजेरीच्या वेळी, आपले नाव पुकारल्यावर, 'हजर' म्हणायच्या आधी मला सांगतो, "बाई, आज पण नख रुतलं."